पाणी कधी मोजलं?

पुण्याहून मुंबईला येत होते. शिवनेरी बस अटल सेतूवर चढली तसा पुढच्या रांगेतला एक माणूस उजव्या खिडकीला जवळजवळ नाक लावून बसला. या पुलावरून तो पहिल्यांदाच जात असावा. फोन आडवा धरून त्याचं चित्रीकरण सुरू झालं, घरी कुणाला तरी तो ते पाठवतही होता. बराच वेळ पाणी होतं, दूरवर नांगरलेली जहाजं होती, सकाळचं धुकट ऊन होतं. मग उजव्या हाताला उंच फलक सुरू झाले आणि फोनच्या पडद्यावर नुसता करडा पट्टा धावायला लागला. तो वैतागला. "एवढे पैसे घालून पूल बांधला आणि समुद्रच झाकून ठेवला?" असं तो मोठ्यानं म्हणाला. मागून कुणीतरी सांगितलं, सुरक्षेसाठी आहे ते, तिकडे अणुकेंद्र आहे. आणखी पुढे, शिवडीजवळ, पुन्हा फलक आले तेव्हा दुसऱ्या कुणी माहिती पुरवली की हे फ्लेमिंगोंसाठी. "पक्ष्यांना काय करायचंय?" असं म्हणून त्यानं फोन खिशात टाकला. आजूबाजूचे चारपाच जण हसले. मी हसले नाही, पण बोललेही नाही, आणि दादरला उतरल्यावरही तो प्रश्न काही डोक्यातून जाईना.

पक्ष्यांना काय करायचंय याचं उत्तर तसं सोपं आहे. उत्तरेकडे भाभा अणुसंशोधन केंद्राच्या बाजूला लावलेले फलक नजर अडवण्यासाठी आहेत आणि शिवडीच्या दलदलीलगतचे आवाज अडवण्यासाठी. पूल २१.८ किलोमीटरचा, त्यातले साधारण साडेसोळा पाण्यावरून. ताशी १०० किलोमीटरनं जाणाऱ्या सहा मार्गिकांच्या वाहतुकीचा घरघराट खाली चिखलात चरणाऱ्या थव्यावर सतत पडू नये म्हणून ती आडोशाची भिंत. जे मनात राहिलं ते वेगळंच होतं. या पुलाच्या पर्यावरणाचा अभ्यास झाला, अहवाल झाले, हरकती आल्या, न्यायाधिकरणात वाद झाले, अटी घातल्या गेल्या. कित्येक वर्षांच्या त्या खटाटोपातून पुलावरून जाणाऱ्या माणसाला दिसेल असं जे उरलं, ते एवढंच. आणि तेही त्याला अडचणीचं वाटलं.

शिवडीच्या धक्क्यावर मी पहिल्यांदा गेले ते पुलाचा एकही खांब उभा नसताना. कोलगेटच्या जुन्या कारखान्यावरून पुढे, गोदामांच्या मधून, तेलकट धुळीच्या रस्त्यानं. तिथं पोचेपर्यंत विश्वास बसत नाही की या वाटेच्या शेवटी काही बघण्यासारखं असेल. डिझेलचा, गंजक्या लोखंडाचा आणि ओल्या चिखलाचा एकत्र वास, दुरुस्तीला ओढून ठेवलेली गलबतं, आणि त्यांच्या पलीकडे ओसरत्या पाण्याच्या कडेला गुलाबी रेघ. माहितगार सांगतात की भरतीचं वेळापत्रक बघून या. पाणी नुकतंच उतरायला लागलेलं असतं तेव्हा रोहित पक्षी, म्हणजेच फ्लेमिंगो, धक्क्याच्या अगदी जवळ असतात. पूर्ण ओहोटीला ते पाण्यामागोमाग पार आत जातात आणि मग दुर्बीण असूनही उपयोग नाही. जवळून पाहिलं की आधी त्यांची चोच लक्षात येते. डोकं उलटं करून ती पाण्यात बुडवायची आणि डावी-उजवीकडे फिरवत चिखलपाणी गाळून घ्यायचं. मध्येच पाय नाचवून तळ ढवळायचा. हजारो पक्षी हे एकाच वेळी करत असतात आणि त्यातून बदकांच्या कलकलाटासारखा एक सततचा, घोगरा आवाज उठतो. तो ऐकल्यावर कळतं की आवाजाचा मुद्दा अभ्यासकांनी उगाच लावून धरला नव्हता. हे पक्षी एकमेकांशी बोलत जगणारे आहेत.

पण त्या चिखलाबद्दल एक गोष्ट मला बरीच उशिरा समजली, आणि ती समजल्यापासून माझं या पुलाविषयीचं मत साधंसरळ राहिलेलं नाही.

शिवडीच्या बाजूनं समुद्रावरून पलीकडे जायची कल्पना १९६३ सालची. विल्बर स्मिथ या अमेरिकी सल्लागार कंपनीनं तेव्हा मुंबईच्या वाहतुकीचा अभ्यास केला होता, त्यात ती आली. रोहित पक्षी शिवडीला मोठ्या संख्येनं दिसायला लागले ते १९९४च्या सुमारास. म्हणजे कागदावरचा पूल पाखरांपेक्षा तीस वर्षांनी मोठा. आणि पाखरं इथं का आली, याचं जे कारण अनेक अभ्यासक देतात ते काही फार सुखाचं नाही. शहराचं सांडपाणी खाडीत येतं, त्यातल्या पोषक द्रव्यांवर शेवाळ माजतं, आणि धाकट्या रोहितांचं मुख्य अन्न तेच. तेव्हा 'पूर्वी इथं निर्मळ निसर्ग होता आणि पुलानं तो बिघडवला' ही गोष्ट काही मला सांगता येत नाही. इथं जे होतं ते शहरानंच नकळत घडवलेलं होतं. तरीही ते जिवंत होतं, कच्छाच्या रणातून हजारो पक्षी दरसाल त्याच्या भरवशावर येत होते, आणि लाखाच्या घरात संख्या गेल्यावर त्याला योगायोग म्हणून सोडून देणं बरोबर नव्हतं. साठ वर्षं रेंगाळलेल्या योजनेत असं होणारच. नकाशावर रेघ मारली तेव्हाची खाडी आणि यंत्रं उतरली तेव्हाची खाडी या दोन वेगळ्या खाड्या असतात. कोणती मोजायची, हा पर्यावरणाच्या परीक्षणातला पहिला प्रश्न असायला हवा.

जुन्या पुलांच्या वेळी तो विचारलाच गेला नाही. वाशीचा पहिला खाडीपूल १९७०च्या दशकातला, आणि पर्यावरण संरक्षण कायदा आला १९८६ मध्ये. त्या पुलाचे खांब उतरले तेव्हा खालचा प्रवाह कुठं वळेल, गाळ कुठं बसेल, याची नोंद ठेवायचं बंधन कुणावर नव्हतं. ठाणे खाडीतले जुने कोळी आज सांगतात की अमुक ठिकाणी आमची होडी कुठल्याही वेळी जायची, आता ओहोटीला टेकते. त्यात पुलाचा वाटा किती, भरावाचा किती, सांडपाण्याचा किती, हे सांगता येत नाही, कारण आधीचं काही लिहूनच ठेवलेलं नाही. १९९४ साली पर्यावरणीय परिणामांच्या अभ्यासाची पहिली अधिसूचना आली, १४ सप्टेंबर २००६ ला दुसरी. किनाऱ्यासाठी सीआरझेडची, म्हणजे किनारा नियमन क्षेत्राची, वेगळी अधिसूचना आहे. २०१९ च्या त्या अधिसूचनेत असं आहे की सार्वजनिक कामासाठी कांदळवन तोडावंच लागलं, तर बाधित क्षेत्राच्या किमान तिप्पट क्षेत्रावर नवी लागवड करायची. महाराष्ट्रात त्याही आधी उच्च न्यायालयाची परवानगी लागते. अटल सेतूच्या कर्जामागे जपानची जायका ही संस्था होती. तिचे स्वतःचे पर्यावरणविषयक नियम आहेत आणि अहवाल लोकांपुढे ठेवायची सक्ती त्यांत आहे. म्हणजे कागदावर आपण वाशीच्या त्या पहिल्या पुलापासून फार पुढे आलो आहोत, आणि हे मी मनापासून म्हणते. ज्यांनी या तरतुदी भांडून मिळवल्या त्यांचे उपकार आहेत.

मग कमी काय पडतं? ते मला एका जनसुनावणीत कळलं.

किनाऱ्यालगतच्या एका रस्त्याच्या कामाची ती सुनावणी होती, त्यात एक खाडीपूल होता. गावाचं नाव लिहीत नाही. तालुक्याच्या ठिकाणचं सभागृह, प्लास्टिकच्या खुर्च्या, अध्यक्षस्थानी जिल्हा प्रशासनातले अधिकारी, बाजूला प्रदूषण नियंत्रण मंडळाची मंडळी, समोर कॅमेरा. सुनावणीचं चित्रीकरण करावंच लागतं. सूचना तीस दिवस आधी वर्तमानपत्रात आली होती. अहवालाचा मराठी सारांश होता, त्याच्या प्रती दारात टेबलावर ठेवलेल्या होत्या. सल्लागार कंपनीच्या तरुण मुलीनं पडद्यावर तक्ते दाखवले. हवेतले धूलिकण, आवाजाची पातळी, पाण्यातला विरघळलेला प्राणवायू, तळाच्या गाळातले जीव. ती चांगली तयारी करून आली होती. बोलताना घाई करत नव्हती, आणि कुणी मध्ये बोललं तर थांबत होती. पहिला तासभर बोलणारे बहुतेक पुढारी होते. जमिनीचा मोबदला, नोकऱ्या, पोचरस्ता कुठून. मग मागच्या रांगेतून एक वयस्कर कोळी उठले. डोक्यावर लाल टोपी, हातात चष्म्याचं घर. ते माइकपाशी आले आणि त्यांनी एवढंच विचारलं, "पानी कवा मोजलं तुमी? उधानाला का भांगाला?"

त्या मुलीनं तारखा सांगितल्या. ते मनाशी हिशेब करत राहिले. मग म्हणाले, "ह्यो तं भांग व्हता. आन् पावसात?"

पावसात मोजलेलं नव्हतं. मोजायची गरजही नव्हती. अशा अहवालांसाठी मूळ स्थितीची माहिती पावसाळा वगळून एका हंगामात गोळा केली तरी चालते, नियमच तसा आहे, आणि त्या मुलीनं तो नियम शांतपणे वाचून दाखवला. त्यात तिचा काही दोष नाही. आजोबांनी मान हलवली आणि जागेवर जाऊन बसले. इतिवृत्तात 'एका ग्रामस्थाने पाण्याच्या नमुन्यांबाबत विचारणा केली, सल्लागारांनी खुलासा केला' असं एक वाक्य आलं. सुनावणीच्या शेवटी ते सर्वांना वाचून दाखवण्यात आलं.

मी त्या वाक्यावर बराच विचार केला आहे. उधाण म्हणजे अमावास्या-पौर्णिमेच्या आसपासची मोठी भरती, आणि भांग म्हणजे अष्टमीच्या सुमाराची मंद. दोन्ही वेळी एकाच खाडीतलं पाणी वेगळं वागतं. उधाणाला ते तिवरांच्या मुळांच्या वर चढतं, खाजणात शिरतं, ओढीनं परत फिरतं. भांगाला ते जेमतेम हलतं. तळातला गाळ किती उठतो हे भांगात मोजलं तर पाणी स्वच्छ दिसणारच. आणि पावसाळ्यात तर खाडीचं रूपच पालटतं. वरून नदीचं गोडं पाणी येतं, खारटपणा उतरतो, लाल माती वाहून येते, वर्षभर साठलेला गाळ हलतो, नव्या जागी बसतो. रायगडच्या किनाऱ्यावर ज्या जिताड्यावर लोक जीव टाकतात, तो मासा पावसाच्या सुरुवातीला खाडीच्या तोंडाशी अंडी घालतो आणि त्याची पिल्लं खाजणांत, पाण्यानं भरलेल्या शेतांत शिरून वाढतात. मासेमारीची बंदी जून-जुलैमध्ये असते ती या प्रजननासाठीही. सरकारचं एक खातं ज्या महिन्यांत जाळं टाकू नका म्हणतं, कारण तेव्हा समुद्र पुढच्या वर्षाची तयारी करत असतो, तेच महिने दुसऱ्या खात्याच्या अभ्यासात नसले तरी चालतात.

रोहित पक्ष्यांचं मात्र या नियमात बिघडलं नाही. ते हिवाळ्यात येतात आणि पावसाआधी जातात. पावसाळा सोडून केलेल्या मोजणीत ते पूर्णपणे दिसतात. गुलाबी आहेत, मोठे आहेत, धक्क्यावरून फोटो निघतो. म्हणून त्यांच्यासाठी फलक उभा राहू शकला, आणि तो राहिला हे उत्तमच झालं. चिखलात बोटभर लांबीची निवटी असते, चिंबोरीचं पिल्लू असतं, जिताड्याचं अंडं असतं. ते ज्या दिवसांत असतात त्या दिवसांत तिथं नमुने घ्यायला कुणी गेलेलं नसतं.

आता दुसरी बाजू, जी मला तितक्याच जवळची आहे. माझी आत्या उरणला दिलेली. लहानपणी तिच्याकडे जायचं म्हणजे भाऊच्या धक्क्यावरून मोऱ्याची लाँच. उन्हाळ्याच्या सुटीत ती मोठी गंमत होती. पावसाळ्यात मात्र तीन नंबरचा बावटा लागला की लाँच बंद, आणि मग ठाण्याच्या खाडीला वळसा घालून पनवेलकडून रस्त्यानं जायचं. आत्याच्या सासऱ्यांना एका ऑगस्टमध्ये रात्री छातीत दुखायला लागलं. समोर, पाण्यापलीकडे, मुंबईचे दिवे दिसत होते. मोठी इस्पितळं त्या दिव्यांच्या खाली होती. गाडी मिळवून, पाणी भरलेल्या रस्त्यांनी फिरून ते पोचेपर्यंत उजाडलं. ते वाचले, पण नंतर आयुष्यभर त्यांनी एकच गोष्ट सांगितली, की पूल पाहिजे. अटल सेतूचं उद्घाटन १२ जानेवारी २०२४ ला झालं तेव्हा ते नव्हते. आत्या होती. तिला पुलावरून नेलं तर ती सबंध वेळ उरणच्या बाजूचे डोंगर ओळखत बसली होती, आणि शिवडीला उतरल्यावर तिनं फक्त "एवढंसंच होतं की गं" म्हटलं. तेव्हा जे कुणी मला विचारतात की तू पुलाच्या बाजूची का विरोधातली, त्यांना मी उत्तर देऊ शकत नाही. खाडीकाठच्या माणसाला पूल हवा असतो तो मुख्यतः पावसाळ्यासाठी. आणि त्या पुलाचा खाडीवर काय परिणाम होईल याचा अभ्यास पावसाळा सोडून करता येतो. मला टोचतं ते हे.

आणि पावसाळा मोजायचं तंत्र आपल्याकडे नाही असंही नाही. पुलाचे अभियंते तो मोजतातच. कुठल्याही नदीवर पूल बांधायचा तर आजवरची सर्वांत उंच पूररेषा आधी काढतात. ती केवळ उपकरणांतून येत नाही. काठावरच्या देवळाच्या पायरीपाशी, जुन्या वाड्याच्या भिंतीपाशी म्हाताऱ्या माणसांना उभं करून विचारतात की पाणी कुठवर आलं होतं, आणि तिथं खूण करतात. पुराच्या वेगानं खांबाच्या पायथ्याची वाळू किती खोल खरवडली जाईल याचं गणित करतात, आणि पाया त्याच्याही खाली नेतात. हे करावंच लागतं. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्रीवरचा ब्रिटिशांच्या काळातला पूल पुरात गेला, त्याच्याबरोबर दोन एसटी बस आणि इतर गाड्या गेल्या, ते आपल्यातलं कुणी विसरलेलं नाही. तिथं नवा पूल १६५ दिवसांत उभा राहिला. त्याच सावित्रीच्या काठी २०२१च्या जुलैत महाड पाण्याखाली गेलं, आणि तेव्हापासून महाडकर दासगावजवळच्या रेल्वेच्या भरावाकडे बोट दाखवतात. खाडीत भराव घालून मार्ग नेला, पाण्याला जायला अरुंद वाट ठेवली, म्हणून पूर शहरात तुंबतो, भराव काढा आणि तिथं खांबांवर पूल करा, असं त्यांचं म्हणणं आहे. भराव घालायचा की खांब उभारायचे, हा निर्णय आराखड्याच्या पहिल्या कागदावर होतो आणि त्याची किंमत कित्येक वर्षांनी, वर राहणारं एखादं शहर मोजतं.

पुलाच्या जिवासाठी पावसाळा मोजतात. खाडीच्या जिवासाठीही तो मोजायला काय हरकत आहे?

त्या सुनावणीनंतर बाहेर चहा घेताना दोन बायका भेटल्या. एकीच्या बोटांच्या पेरांवर शिंपल्यांच्या कडांनी पडलेले जुने चर होते, काही पांढरे पडलेले, एकदोन ताजे. ओहोटीला चिखलात उतरून हातानं तिसऱ्या, खुबे, कालवं काढायची आणि सकाळच्या बाजारात विकायची, हा त्यांचा धंदा. नुकसानभरपाईच्या यादीसाठी माहिती घ्यायला माणसं आली होती, म्हणाल्या. अर्जात होडीचा नंबर होता, परवान्याचा रकाना होता, सोसायटीच्या सभासदत्वाचा होता. "आमाला होरी न्हाय, मंग लिवायचं काय?" मावशींनी मला विचारलं, जणू मला ते ठाऊक असणार. चिखलातून शिंपले काढणाऱ्या बाईच्या नावावर काहीच नसतं, आणि पुलाच्या कामानं सर्वांत आधी जो बदलतो तो ओहोटीचा चिखलच. मुलाच्या वहीच्या मागच्या पानावर कुणाकडून किती टोपल्या गेल्या याच्या नोंदी त्यांनी ठेवल्या होत्या. तारखेच्या जागी तिथी होत्या. एखाद्या समुद्रशास्त्रज्ञानं ती वही घेऊन बसायला हवं होतं, असं मला तेव्हाही वाटलं आणि आजही वाटतं.

पुलाचा खांब स्वतः फार थोडी जागा घेतो. हे लोकांना पटत नाही, पण खरं आहे. जास्त उलथापालथ करतं ते बांधकामापुरतं केलेलं काम. यंत्रं नेण्यासाठी चिखलावर उभारलेला लोखंडी तात्पुरता पूल, कुठं टाकलेला मुरुमाचा रस्ता, पाया खणताना भोकाच्या भिंती ढासळू नयेत म्हणून वापरलेला बेंटोनाइटचा राडा, काँक्रीटच्या गाड्या धुतलेलं पाणी. अटल सेतूच्या पायांसाठी आवाज कमी करणारी खोदाईची यंत्रं वापरली, पक्ष्यांवर बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीच्या (बीएनएचएस) अभ्यासकांनी कामाच्या काळात लक्ष ठेवलं. ते चांगलं झालं आणि त्याचा फारसा गाजावाजा झाला नाही. मोठ्या पुलांच्या मंजुरीत अटी असतात त्या अशाच बारीक गोष्टींच्या. राडारोडा खाडीत टाकू नये, तात्पुरती बांधकामं पूर्ण काढून तळ पूर्ववत करावा, कांदळवनातून पाण्याची ये-जा अडू नये. पर्यावरण मंजुरी घेतलेल्या प्रकल्पानं दर सहा महिन्यांनी, १ जून आणि १ डिसेंबरला, अटी पाळल्याचा अहवाल द्यायचा असतो. हे अहवाल सार्वजनिक असतात. मी त्यातले काही वाचले आहेत, वेगवेगळ्या प्रकल्पांचे. अनेक ठिकाणी अटीसमोर 'पालन केले जात आहे' एवढंच असतं आणि पुढच्या सहामाहीत तेच शब्द पुन्हा येतात. काही ठिकाणी मात्र कुणीतरी मन लावून तक्ता भरलेला असतो, लावलेल्या रोपांतली किती जगली तेही लिहिलेलं असतं, आणि वाचताना त्या अनोळखी माणसाबद्दल आदर वाटतो. २०२० च्या नव्या अधिसूचनेच्या मसुद्यात हे अहवाल वर्षातून एकदाच मागायचे आणि सुनावणीच्या सूचनेचे तीस दिवस वीसवर आणायचे, असं सुचवलं होतं. त्यावर देशभरातून हरकतींचा पाऊस पडला. खाडीकाठच्या गावात अहवाल वाचून समजून घ्यायला तीस दिवसही कमी पडतात. त्यात दोन भरतीचक्रं आणि एखादी जत्रा गेली की उरलं काय?

एका पुलाचा अभ्यास पुलाच्या दोन्ही अंगांना ठरावीक अंतरापर्यंत होतो, ही आणखी एक मर्यादा. शिवडीचे पक्षी भरती आली की उडून पलीकडे नेरूळ-सीवूड्सच्या पाणथळींवर जाऊन बसतात. त्यांचा दिवस खाडीच्या दोन्ही काठांवर वाटलेला आहे. ठाणे खाडीत ऐरोली ते वाशी या पट्ट्याला २०१५ मध्ये फ्लेमिंगो अभयारण्याचा दर्जा मिळाला, २०२२ मध्ये ते रामसर स्थळ झालं. शिवडीचा चिखल मात्र त्या हद्दीत येत नाही, नेरूळची तळीही नाहीत. त्याच परिसरात विमानतळ झाला, त्यासाठी डोंगर कापला, उलवे नदीचा प्रवाह वळवला. बंदर वाढतं आहे, पुलामुळे जमिनीला भाव आला आहे. प्रत्येकाची फाइल वेगळी, प्रत्येकाचा अहवाल वेगळा, आणि प्रत्येक अहवालात आपापल्या प्रकल्पाचा परिणाम 'मर्यादित' आहे. मे २०२४ मध्ये घाटकोपरवर विमानाची धडक बसून एका रात्रीत तीसहून जास्त रोहित मेले, तेव्हा ते कुठून कुठं का उडत होते यावर पुष्कळ चर्चा झाली. त्यांच्या संपूर्ण दिवसाचा नकाशा कुठल्याच एका फाइलमध्ये नव्हता.

आता धरमतर खाडीच्या तोंडावर रेवस-करंजा पूल होतो आहे. माजी मुख्यमंत्री अंतुल्यांच्या काळापासून त्याची वाट बघितली गेली आहे, आणि करंजाच्या धक्क्यावर तरीची वाट बघत तासन्‌तास काढलेल्या कुणालाही तो नको असं वाटणार नाही. मलाही तो हवा आहे. तिथल्या पाण्याला अंबा आणि पाताळगंगा या नद्या येऊन मिळतात, पावसात खाडीचा रंग पार पेणपर्यंत लाल होतो, काठाकाठानं खारभूमीचे बांध आहेत, आणि जिताड्याची पिल्लं त्याच वाटेनं आत जातात. खांब उतरत असताना दोनतीन पावसाळे तरी मध्ये येतील. कायदा मागतो तेवढं झालं असेल, त्याबद्दल तक्रार नाही. पण जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत, उधाणाला आणि भांगाला, पाण्यातला गाळ आणि खारटपणा मोजायला एक होडी आणि दोन माणसं लागतात. होड्या करंजात आणि रेवसला शेकडो आहेत, आणि जून-जुलैत त्या बंदीमुळे किनाऱ्यावर ओढून ठेवलेल्याच असतात. मोजणी शिकवली तर कोळ्यांची मुलं ती करतील, त्या मावशींसारख्या बायका चिखलाची नोंद ठेवतील, आणि पुलाच्या खर्चात त्याचा आकडा दिसणारही नाही. सहामाही अहवालात त्यासाठी एक पान जोडावं, असं मी संबंधित कार्यालयाला लिहिलं आहे. पोच आली आहे. येत्या १ डिसेंबरनंतर तो अहवाल आला की मी आधी ते पान शोधणार आहे, आणि नसलं तर पुन्हा लिहिणार आहे.